शिवकन्येच्या कुप्या आणि माझी थंडी

मित्रांनो, मला कुणी थर्मास म्हटलं की माझं डोकंच फिरतं. थर्मासात चहा ठेवतात, आणि तोही दुपारपर्यंत कोमट होऊन जातो. माझ्या पोटात एके काळी उणे एकशे शहाण्णव अंशांची थंडी होती. मी नायट्रोजनचा कॅन आहे. आता जुना झालो. गेवराई तालुक्यातल्या एका गावी, दूध संस्थेच्या मागच्या अंगणात, गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून पडलो आहे. माझ्यावर कोंबड्या बसतात. तरी रुबाब गेलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

माझा जन्म कारखान्यातला, आणि तो काही गोडीगुलाबीने झाला नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा तापवला, दाबला, ठोकला आणि माझ्या दोन भिंती केल्या, एकीच्या पोटात दुसरी. मग त्या दोन भिंतींमधली हवा ओढून काढली आणि भोक कायमचं बुजवलं. त्या पोकळीत माझी सगळी ताकद होती. तिच्यामुळे बाहेरचं ऊन आत येत नसे आणि आतली थंडी बाहेर जात नसे. पोकळी फुटली की माझ्यात आणि पाण्याच्या हंड्यात काही फरक उरत नाही.

दोन हजार चार साली नबीच्या जीपमधून मी या गावात आलो. नबी गेवराईचा. जिल्ह्याच्या केंद्रातून द्रव नायट्रोजन आणायचा आणि गावोगावच्या कॅनांत ओतायचा, हे त्याचं काम. त्याच जीपमधून तो कधीकधी आरोग्य केंद्राच्या लशींचे डबेही पोचवी. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी माझी पूजा केली. नारळ फोडायला दगड सापडेना, तेव्हा त्यांनी तो माझ्याच कडेवर आपटला. या गावाने माझं असं स्वागत केलं.

माझ्या पोटात सहा डबे लोंबकळत असत आणि त्यांत वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवलेल्या असत. कांडी म्हणजे काडीएवढी बारीक नळी. गाय-म्हैस माजावर आली की कांडी काढायची, सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची आणि जनावराला भरायची. गाभण राहिली तर पेढे वाटत. नाही राहिली, पुन्हा माजावर आली, तर म्हणत, "उलटली." हा शब्द नीट ऐकून ठेवा. जनावरासाठी तो साधा कामाचा शब्द होता.

माझी थंडी प्रेमळ नव्हती, हे मी कबूल करतो. राधाकिशन नावाच्या गवळ्याने एकदा पैज लावून उघड्या हाताने माझा डबा ओढला. तळहाताची कातडी डब्याला चिकटून निघाली आणि तो गुरासारखा ओरडला. तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेव्हा फार माजलेला होतो.

मला ज्याने नीट ओळखलं तो शहादेव. अर्जुनरावांचा धाकटा मुलगा. कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेऊन आला आणि संस्थेत लागला. रोज सकाळी लाकडी काठी माझ्या पोटात घालून नायट्रोजन किती उरला ते बघायचा. हातमोजे घातल्याशिवाय शिवायचा नाही. पंचक्रोशीत त्याला लोक 'डॉक्टर' म्हणत. हळूहळू तोही स्वतःला डॉक्टर समजू लागला. लाथ मारणाऱ्या म्हशीवरसुद्धा त्याने कधी हात उचलला नाही. "मुकं जितराब हाय, त्याला काय कळतंय," म्हणायचा.

बायकोवर मात्र उचलायचा.

तिचं नाव शिवकन्या. गेवराईची. बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट तपासायला बसायची. दोन हजार बाराच्या दुष्काळात मी तिला नीट ओळखलं. चारा संपला होता, विहिरींच्या तळाला चिखल होता. कुणी तरी अफवा उठवली की संस्थेने पेंडीची पोती दडवून ठेवली आहेत. दोनशे माणसं चालून आली. काचा फुटल्या, अर्जुनरावांच्या कपाळावर वीट बसली, दोघांनी मला उचलून दारात आणलं. मला फेकून दिलं असतं तर माझी पोकळी तेव्हाच फुटली असती. शहादेव मागच्या दाराने पळाला. शिवकन्या आली आणि माझ्या झाकणावर बसली. एकाने तिला काठी मारली, दुसऱ्याने केस धरले. ती उठली नाही. "आदी मला उचला," एवढंच म्हणत राहिली. पेंड कुठेच नव्हती. लोक दमले आणि निघून गेले. त्या दिवशी मी तिच्यामुळे वाचलो, आणि तीन वर्षांनी मी तिला काय दिलं ते आता सांगतो.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी शिवकन्येला मूल नव्हतं. दर महिन्याला तिची सासू केसरबाई तिला आडोशाला विचारायची आणि उत्तर ऐकून बाहेर सगळ्यांसमोर म्हणायची, "उलटली." गोठ्यातला तो शब्द असा घरात शिरला. त्याच्या मागोमाग कधी पळीचा फटका बसे, कधी नुसती ढकलाढकली होई. शहादेव दारू पीत नव्हता, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही सगळा दोष बाटलीला द्याल. तो शुद्धीत असताना मारायचा.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात ती औरंगाबादच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. घरी बोलायची सोय नव्हती, म्हणून दुधाची घाई संपल्यावर तिने संस्थेतच शहादेवला सगळं समजावून सांगितलं. मी कोपऱ्यात होतो.

"बाई म्हणल्या, सगळ्यांच्याच मेंदूच्या बुडाला एक गाठ असती," ती म्हणाली. "ती दर महिन्याला हुकूम धाडती, अंडं तयार करा म्हून. तो हुकूम म्हंजी हार्मोन. माझ्या अंगात अंडी थोडी उरलीत, ती लवकर ऐकत न्हाईत. म्हून ती गाठ लई जोरात वरडती. रक्तात त्यो आकडा चढलेला दिसला."

"मंग संपलंच की," शहादेव म्हणाला.

"न्हाई संपलं. थोडी हायेत म्हंजी खराब हायेत असं न्हाई, म्हणल्या. वय सत्तावीस हाय, म्हून अंडी चांगली असतील. पर उशीर करू नका म्हणल्या. बारा दिवस इंजेक्शनं घ्यायची. त्यात त्योच हुकमाचा हार्मोन असतो, भरपूर. चार-पाच अंडी संगं वाढतेत. ती वाढाय लागली का दुसरा एक हार्मोन रक्तात चढतो. त्याचा आकडा चढला, का अंडी काडायची आन् बाहेर गर्भ करायचा. न्हाई चढला तर तितंच थांबायचं."

मित्रांनो, एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. तिच्या आवाजात आशा होती. वर्षानुवर्षं ती नुसती 'उलटली' होती आणि आज तिला पहिल्यांदा कारण कळलं होतं.

अर्जुनराव आतून बाहेर आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "करा," ते म्हणाले. "पर एकडावच. शिरूर कासारला धुळाजीची पोरगी बगून ठिवलीय मी. ह्या बारा दिसांत झालं तर झालं, न्हाईतर शहादेवचं दुसरं लगीन." हे बोलून ते दुधाच्या गाडीकडे गेले.

बारा दिवस आणि एक आकडा. आकडा चढला तर घर, नाहीतर सवत.

इंजेक्शनं आली. काचेच्या इवल्याशा कुप्या, आत पाण्यासारखं औषध. दवाखान्याने बर्फाच्या डब्यात दिली होती आणि बरोबर एक कागद. आमच्या गावात तेव्हा चौदा-चौदा तास वीज नसायची, फ्रीज म्हणजे भिंतीला उभं केलेलं कपाट. शिवकन्येने ते दवाखान्यात विचारून घेतलं होतं. नर्सने सांगितलं होतं की मातीच्या माठाभोवती ओली वाळू ठेवा, आत डबा ठेवा, बारा दिवस तेवढा गारवा पुरेल, पण औषध गोठू देऊ नका. तिने गेवराईहून नवा माठ आणला, वाळू चाळली. शहादेवने माठ पाहिला आणि तो हसला.

"माठात? आगं, पाणी ठिवायचं हाय का औषध? वळूची कांडी दहा-दहा वरीस टिकती माझ्या कॅनात. जितकं गार तितकं जितं ऱ्हातं. हे मला शिकवतीस व्हय?"

"आवो, कागदावर ल्हिवलंय, गोठवू नये म्हून. नर्सबाई बी दोनदा म्हणल्या."

त्याने कानशिलात लगावली. तिचं डोकं फॅटच्या यंत्रावर आपटलं, ओठ फुटला. "डॉक्टर मी हाय का ती नर्स?" तो म्हणाला. मग एका पायाने त्याने माठ फोडला. वाळू जमिनीवर पसरली. वाळूत तिच्या ओठाचं रक्त पडलं.

त्याने मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. वाईट हेतू असता तर राग करणं सोपं गेलं असतं. त्याला मूल हवं होतं. जे त्याच्याकडे सगळ्यांत मोलाचं होतं, म्हणजे मी, त्यात त्याने त्या कुप्या ठेवल्या. एका मलमलच्या पिशवीत घालून, दोरीला बांधून, हातमोजे घालून, हळुवार हाताने. दहा वर्षांच्या कामाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती आणि तीच सगळ्याला लागू आहे असं तो समजून चालला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच भांड्यातला असेल तर.

आणि मी? मी माझं काम केलं. पिशवी खाली आली आणि अर्ध्या मिनिटात प्रत्येक कुपी दगड झाली. दोन कुप्या तडकल्या, त्यांचा बारीक आवाज मी ऐकला. बाकीच्या बाहेरून धड दिसत होत्या, पण आतलं औषध मेलं होतं. ज्या थंडीचा मला गर्व होता तिनेच त्याचा जीव घेतला. वीर्याच्या कांडीत थंडी सोसायचं खास द्रावण घातलेलं असतं, या औषधात ते नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझं तोंड म्हणजे एक अरुंद मान, आणि तिच्यावर बूच.

रोज सकाळी शहादेव दोन कुप्या काढी. सवयीने सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवी. मग शिवकन्येच्या पोटाच्या कातडीत टोची. ती डोळे मिटून घेई. मेलेलं औषध, मित्रांनो. दहा दिवस तिने मेलेल्या औषधासाठी सुया सोसल्या.

सहाव्या दिवशी केसरबाई तिला घेऊन औरंगाबादला गेली. निघताना शहादेवने बायकोला दम भरला, "तितं कॅनाचं काई बोललीस, माझी आब्रू काडलीस, तर परत या घरात पाय ठिवू नगं." रक्त तपासलं. आकडा होता तिथेच होता, हे सगळं मला पुढे नबीने सांगितलं. सोनोग्राफीत एकही अंडं वाढलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इंजेक्शनं वेळेवर घेतलीत ना? थंड ठेवलीत ना?" केसरबाई म्हणाली, "गारच व्हती की बाई." शिवकन्येने तोंड उघडलं तशी केसरबाईने टेबलाखाली तिच्या मांडीचा असा चिमटा काढला की पुढे महिनाभर निळा डाग होता. शिवकन्या गप्प बसली. तिची चूक कुठली असेल तर ती हीच, आणि तीसुद्धा मी तिच्या माथी मारणार नाही.

बाईंनी औषध वाढवून दिलं. तेही माझ्या पोटात आलं, तेही मेलं. दहाव्या दिवशी त्यांनी उपचार थांबवला. म्हणाल्या, "शरीर औषधाला दाद देत नाही. बहुतेक तुमची स्त्रीबीजं संपत आली आहेत." ज्या बाईंनी आशा दिली होती, त्यांनीच ती काढून घेतली, आणि त्यांचाही दोष नव्हता. त्या दिवशी पिशवीची दोरी, थंडीने ठिसूळ झालेली, तुटली आणि उरलेल्या चार कुप्या माझ्या तळाशी पडल्या. शहादेवला कळलं. पण आता काय करायच्यात, म्हणून त्याने त्या तशाच सोडल्या.

त्या संध्याकाळी शिवकन्या एवढंच म्हणाली, "औषध कॅनात गोठलं, म्हून आकडा चढला न्हाई."

"नाचता येईना आंगण वाकडं," केसरबाई म्हणाली.

आणि शहादेवने गोठ्यातलं दावं काढलं. संस्थेच्या याच अंगणात, दूध घालायला आलेल्या माणसांसमोर, त्याने तिला दाव्याने मारलं. प्रत्येक फटक्याला तो ओरडत होता, "माझ्या कॅनाला नाव ठिवतीस? उलटली ती उलटली, वर मलाच शिकवती?" ती पडली तेव्हा त्याने लाथ घातली. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज झाला. लोक चरव्या हातात धरून उभे होते. एकजण म्हणाला, "डॉक्टर, जाऊ द्या आता," तेही हळूच. अर्जुनराव आत होते. ते बाहेर आलेच नाहीत.

माझं नाव घेऊन तिला मारलं, मित्रांनो. माझ्या अब्रूसाठी. तीन वर्षांपूर्वी जी माझ्यासाठी झाकणावर बसून मार खात होती, तिला.

तिची आई सुंदरबाई येऊन तिला गेवराईला घेऊन गेली. माझेही दिवस फिरले. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. जनावरं छावणीत गेली, काही बाजारात गेली, काही कसायाकडे. संस्थेत दोन चरव्या दूध येईना. कांड्या भरायला माजावर येणारं जनावर नव्हतं, म्हणून नायट्रोजनही येईना. माझ्या पोटातली थंडी रोज थोडी थोडी उडून गेली. जानेवारीत मी कोरडा पडलो. ज्याची पूजा केली त्याच्याकडे कुणी बघेना.

फेब्रुवारीत संस्थेच्या अंगणात मांडव घातला. शहादेवची सुपारी फोडायची होती. शिरूर कासारहून धुळाजी चार माणसं घेऊन आला. पण आधी शिवकन्येची सही हवी होती. स्टँप पेपरवर लिहून आणलं होतं की मूल होत नाही म्हणून ती राजीखुशीने नवरा सोडते. त्याच दिवशी नबी मला परत केंद्रावर न्यायला आला होता आणि त्याच्याच जीपमधून शिवकन्या आली, तिची पत्र्याची पेटी न्यायला. नबीने माझं बूच काढून बाजूला ठेवलं आणि परतीचा कागद भरायला लागला.

"सही कर," अर्जुनराव म्हणाले.

"राजीखुशीनं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "तेवडं खोडा, मंग करते."

शहादेवने तिचं मनगट धरून पिरगाळलं, बोटांत पेन कोंबलं. तिने पेन फेकलं. त्याने एवढ्या जोराने थोबाडीत मारली की ती सरळ माझ्यावर येऊन आदळली. मी रिकामा, हलका. आडवा झालो, गडगडत गेलो, आणि माझ्या तोंडातून मलमलची पिशवी बाहेर पडली. तडकलेल्या कुप्या मांडवाच्या मातीत घरंगळल्या.

नबीने एक उचलली. वरची चिठ्ठी वाचली. मग शिवकन्येकडे वळला. "भाभी, ही तुमची दवा? कॅनाच्या आत ठिवलती?"

मांडवाच्या कडेला आणून ठेवलेल्या पेटीतून तिने दवाखान्याचा तो कागद काढून त्याच्या हातात दिला.

नबीने मोठ्याने वाचलं, "दोन ते आठ अंशांत ठेवावे. पंचवीस अंशांच्या आत महिनाभर चालेल. गोठवू नये." मग तो शहादेवकडे बघत राहिला. "अरे, ये क्या किया बे शहादेव? मी लेकरांच्या लशी नेतो ना. काही लशी नुसत्या गोठल्या तरी टोचत न्हाईत, फेकून देतेत. आन् तू तर नायट्रोजनमदी घातलं! आकडा चढंल कसा? पाणी टोचलं तू तिला, नुसतं पाणी!"

धुळाजीने सुपारीचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजी पोरीत दोष नव्हताच?"

केसरबाई तोंडाला पदर लावून पुढे आली. तिचा आवाज खरोखर कापत होता. "आगं शिवकन्ये," ती म्हणाली, "मंग तुझा काईच दोष नव्हता की गं. आमी उगंच मारलं तुला."

शिवकन्येने गालावरचा हात काढला. पाचही बोटं उमटलेली दिसत होती.

"आन् दोष असता तर, आत्याबाई?"

त्या अंगणात सगळ्यांनाच वाटत होतं की औषध मेलेलं निघालं, आता हिला न्याय मिळाला. तिला मात्र दिसत होतं की औषध जिवंत असतं आणि तरी आकडा चढला नसता, तर यांच्या हिशोबी तो मार बरोबरच ठरला असता.

शहादेवला ते सोसवेना. त्याने मांडवाच्या खुंटाजवळची वीट उचलली आणि नबीच्या डोक्यात घातली. "तू कोण बे मदी बोलणारा?" नबीच्या भुवईपासून रक्ताची धार लागली, तो गुडघ्यावर बसला. शहादेवने वीट पुन्हा उगारली. तेवढ्यात शिवकन्येने पहार उचलली. मांडवाचे खड्डे खणायला आणलेली, तीन हात लांब, लोखंडी. माणसं बाजूला झाली. शहादेव वीट टाकून भिंतीला लागला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, पहार डोक्याच्या वर. मोडलेलं हाड जेमतेम जुळलं होतं, तरी तिचा हात हलत नव्हता. "शिवकन्ये, नगं," तो म्हणाला. मी त्याला इतका घाबरलेला बाराच्या दुष्काळातही पाहिला नव्हता.

ती वळली, आणि पहार माझ्यावर घातली.

एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला माझी पोकळी फुटली आणि बारा वर्षं बाहेर ठेवलेली हवा फुस्स करून आत शिरली. माझा जीव तिथेच गेला, म्हणा ना. मला दुखलं. पण मित्रांनो, तो घाव कुणाच्या वाटचा होता हे मला ठाऊक होतं आणि मी तो घेतला.

तिने पहार टाकली. दम लागला होता. "ह्याच्या डोक्यात घातली असती तर हा फोटोत आन् मी जेलात," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी तेवडं बी करायचं न्हाई मला." तिने स्वतःच्या पदराने नबीचं कपाळ बांधलं. धुळाजी माणसांना म्हणाला, "चला रे, आपली पोर इतं द्यायची न्हाई," आणि ताटातली सुपारी खिशात घालून निघाला. शिवकन्या पेटी घेऊन जीपमध्ये बसली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली. मोडलेल्या हाडाची आणि नबीच्या फुटलेल्या कपाळाची तक्रार तिने स्वतःच्या हाताने लिहिली.

फुटलेला कॅन केंद्र घेत नाही. म्हणून मी इथेच राहिलो.

पुढचं मला नबीकडून कळलं. तो कधीमधी गोवऱ्या न्यायला येतो. शिवकन्येने डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी डोक्याला हात लावला आणि पुन्हा रक्त तपासलं. वर्षभरात बीजांची शिल्लक आणखी घटली होती. गेलेला वेळ कुठलंही औषध परत देत नाही. तरी प्रयत्न करायचं शिवकन्येने स्वतःसाठी ठरवलं. कायद्याने नवरा अजून तोच होता, म्हणून दवाखान्याला त्याची सही लागत होती. शहादेव मान खाली घालून आला, सही केली, बाकीचं जे करायचं ते केलं, आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. औषधाच्या डब्याला तिने त्याला हात लावू दिला नाही. ती आईकडे गेवराईला राहिली, ओल्या वाळूच्या माठाशेजारी. सहाव्या दिवशी आकडा चढला. आठव्या दिवशी आणखी चढला. चार बीजं निघाली, त्यांतून तीन गर्भ झाले. एक तिच्या पोटात ठेवला, तो राहिला नाही. उरलेले दोन दवाखान्यात गोठवून ठेवले आहेत.

कशात, ते ऐका. नायट्रोजनच्या कॅनात. माझ्याच जातीच्या, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या. नबीने हे सांगितलं तेव्हा मी आतल्या आत रडलो. तिथे आधी थंडी सोसायचं द्रावण घालतात, कोणती गोष्ट किती वेगाने गोठवायची ते ठरवतात, वाचतात, विचारतात. थंडी तीच आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, ज्याला जे येतं तेच सगळीकडे चालतं असं समजू नका. कागदावर काय लिहिलंय ते वाचा. आणि वाचून दाखवणारीला मारू नका.

ते दोन गर्भ कधी आत ठेवायचे, ठेवायचे की नाही, हे शिवकन्येने अजून ठरवलेलं नाही. ती आता गेवराईच्या दूध शीतकरण केंद्रात काम करते. नबी आला की गावातलं कुणी ना कुणी त्याला गाठतं आणि विचारतं, "राहिलं का रं तिला?" तो म्हणतो, "मला काय इचारता? मी डायवर हाय."

परवा केसरबाई आली. माझ्याजवळच्या ढिगातून गोवऱ्या काढून नबीच्या पोत्यात भरू लागली. ती म्हातारी झाली आहे, घरात शहादेव तिच्याशी बोलत नाही. मला वाटलं, हीही आता तेच विचारणार.

"नबी," ती म्हणाली, "कशी हाय रं ती?"

नबी पोतं बांधता बांधता थांबला. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं, दवाखान्याआधीही नाही आणि नंतरही नाही. "बरी हाय," तो म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही तेवढं आधी विचारत जा.